वाळवंट कॅमेऱ्यासाठी, कॅरव्हॅन काकूंसाठी: फ्लिंडर्स रेंजेसच्या एका सहलीचं नियोजन

प्रकरण २०२३ च्या जुलैतलं आहे. कुटुंब अ‍ॅडलेडमध्ये राहणारं: माझा मित्र, त्याची बायको, अकरा वर्षांची मुलगी आणि सांगलीहून सप्टेंबरपर्यंत राहायला आलेली त्याची आई, म्हणजे आमच्या काकू. मित्राला दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या फ्लिंडर्स रेंजेस या ओसाड डोंगराळ मुलखात जाऊन आकाशगंगेचे फोटो काढायचे होते. काकूंना घरी एकटं ठेवणं शक्य नव्हतं. तंबूत झोपणं आणि थंडीत उठून लांबच्या बाथरूमला जाणं त्यांच्या गुडघ्यांना झेपलं नसतं. म्हणून मोटारीमागे ओढायची कॅरव्हॅन भाड्याने घ्यायचं ठरलं. आत पलंग, हीटर, गॅसची शेगडी, फ्रिज, संडास. वाळवंट कॅमेऱ्यासाठी, कॅरव्हॅन काकूंसाठी. पुढचे बहुतेक पेच यातूनच निघाले.

त्याने केलेलं नियोजन मला तपासायला पाठवलं. एक्सेलची शीट बघण्यासारखी होती. चंद्रोदय, चंद्रास्त, संधिप्रकाशाच्या वेळा, कुठली लेन्स, किती सेकंद, किती आयएसओ, सगळ्याला रकाने होते. झोपेला रकाना नव्हता.

आराखडा असा: शुक्रवारी १४ जुलैला संध्याकाळी ऑफिस सुटलं की निघायचं, रात्रीत हॉकर हे गाव गाठायचं, दुसऱ्या दिवशी थेट आर्करूला. तिथे चार रात्री जागायचं आणि परत. आर्करूला म्हणजे अ‍ॅडलेडपासून साधारण सहाशे किलोमीटर उत्तरेला असलेलं खासगी अभयारण्य. रेग स्प्रिग या भूगर्भशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये ती जमीन घेतली. सजीवांचे अतिप्राचीन ठसे १९४६ मध्ये एडिआकारा टेकड्यांत ज्याला सापडले, तोच हा स्प्रिग. २०२३ मध्ये आर्करूलाला अंधाऱ्या आकाशाचं आंतरराष्ट्रीय मानांकन मिळालं आणि मित्राच्या डोक्यात तेच नाव बसलं.

तारखा मात्र त्याने अचूक काढल्या होत्या. शाळेची हिवाळी सुट्टी ८ ते २३ जुलै आणि अमावास्या बरोबर मधे. स्थानिक वेळेनुसार १८ जुलैच्या पहाटे चार वाजता. आपल्या पंचांगात सोमवार १७ जुलैची दीप अमावास्या. आषाढ संपत होता आणि पुढे अधिक श्रावण. काकूंनी हे ऐकल्याबरोबर विचारलं, "मग दिव्यांची पूजा कुठे करायची?" ज्या रात्री आपल्याकडे घरातले सगळे दिवे घासून मांडतात, त्याच रात्री या माणसाला आसपास एकही दिवा नको होता. तो प्रश्न आम्ही शेवटी ठेवला.

आधी रस्ता

भाड्याच्या करारात एक ओळ होती, ती मित्राने वाचलीच नव्हती: डांबरी रस्ता सोडून कॅरव्हॅन न्यायची नाही. बहुतेक भाड्याच्या कॅरव्हॅनना ही अट असते आणि ती उगाच नसते. हॉकरपासून उत्तरेला ली क्रीक आणि कॉप्लीपर्यंत डांबर आहे. कॉप्लीहून आर्करूलापर्यंतचे साधारण १३० किलोमीटर कच्चे. अशा रस्त्यावर चाकांनी आडव्या बारीक सऱ्या पडतात. त्यावरून तासन्‌तास खडखडत गेलं की कपाटांचे स्क्रू सैल होतात, फ्रिजचं दार उघडतं आणि धूळ कुठून शिरते ते कळत नाही. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर ती धूळ बसली की प्रत्येक फोटोत ठिपका. पाऊस पडला तर सरकार रस्ताच बंद करतं. बंद रस्त्यावर गाडी घातली तर दंड, आणि चिखलात फसलेली गाडी ओढून काढायचा खर्च वेगळा.

म्हणजे कॅरव्हॅन आर्करूलाला जाणारच नव्हती. मित्राचा चेहरा पडला. मला वाटतं, हे कळल्यावरच नियोजनाला खरी सुरुवात झाली, कारण "आर्करूलाच का?" हा प्रश्न त्यानंतर पहिल्यांदा विचारला गेला.

शुक्रवारी संध्याकाळी निघण्याचं मी तिथल्या तिथे खोडलं. जुलैत तिकडे सूर्य साडेपाचला मावळतो. तिन्हीसांजेपासून कांगारू रस्त्याकडेच्या गवतावर येतात आणि दिव्यांच्या झोतात कुठल्याही दिशेने उडी मारतात. एकट्या मोटारीला ब्रेक मारणं एक, मागे अडीच टन लटकलेले असताना मारणं वेगळं. स्थानिक लोक याबाबतीत फारसं बोलत नाहीत, फक्त दिवस मावळायच्या आत मुक्कामाला लागतात. निघणं शनिवारी सकाळी सातवर गेलं.

काकूंनी ओळखलेला दोष

ऑस्ट्रेलियात प्रत्येक कॅरव्हॅनच्या पाटीवर दोन आकडे असतात: रिकामं वजन आणि भरून जास्तीत जास्त किती. यांच्या कॅरव्हॅनचे होते २,०५० आणि २,४०० किलो. सामानाला उरले ३५०. साडेतीनशे किलो ऐकायला भरपूर वाटतात. पण ८० लिटरच्या पाण्याच्या दोन टाक्या भरल्या की १६० किलो तिथेच गेले. किराणा, अंथरूण-पांघरूण, कपडे, खुर्च्या, बाहेरची कनात, ट्रायपॉड आणि कॅमेऱ्याच्या पेट्या धरल्या की बेरीज पाच-दहा किलोने वर. त्यात काकूंचा डबा: भाजणी, मेतकूट, तांदूळ, गूळ, दोन किलो कणीक. यातलं काय कमी करायचं हे काकूंना सांगायची हिंमत कुणाचीच झाली नाही. शेवटी एक टाकी रिकामी ठेवली.

नुसत्या वजनाइतकंच ते कुठे आहे हेही महत्त्वाचं. मोटारीच्या मागे कॅरव्हॅन जिथे अडकवतात त्या गोळ्यावर कॅरव्हॅनच्या एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा पडायला हवा. मित्राने जड पेट्या आणि पाण्याचे कॅन मागच्या डिकीत ठेवायचं ठरवलं होतं, कारण तिथे हात पटकन पोचतो. काकू जवळ बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "अरे, गाडी उलाळ होईल की." सांगलीकडच्या बाईने उसाच्या गाड्या भरताना पाहिलेल्या. मागे भार झाला की जू वर उचलतं आणि बैलांचा जोर जातो. मित्राला जे मी आकृती काढून सांगत होतो ते एका शब्दात झालं. मागे जड कॅरव्हॅन ताशी शंभरला डोलायला लागते आणि एकदा डोलायला लागली की ओढणाऱ्या मोटारीलाही घेऊन जाते. पेट्या चाकांच्या वर, मधे आल्या. निघायच्या आदल्या दिवशी भरलेली कॅरव्हॅन वजनकाट्यावर नेली. हे काम हजारो किलोमीटर फिरलेले लोकही टाळतात. काटा २,३६० वर थांबला.

रात्रीचं गणित

आता आकाश. महाराष्ट्रातून आलेल्या माणसाच्या डोक्यात आकाशगंगेचं एक वेळापत्रक पक्कं असतं: मार्च-एप्रिल, पहाटे तीनचा गजर, दक्षिणेला धनू-वृश्चिक. पुण्याहून आकाशगंगेचं केंद्र फार तर ४२-४३ अंश वर चढतं आणि जूनपासून ढग. फ्लिंडर्समध्ये हे सगळं उलटंपालटं होतं. तिथला अक्षांश दक्षिणेला ३० ते ३२ अंश, केंद्राची क्रांती (आकाशातला अक्षांश म्हणा) दक्षिणेला २९. त्यामुळे मूळ नक्षत्राच्या बाजूचा तो सगळा झगमगाट जवळजवळ बरोबर डोक्यावरून जातो. जुलैच्या अमावास्येला ही वेळ येते रात्री सव्वादहाच्या सुमारास. सात वाजता काळोख पूर्ण होतो तो पहाटे पावणेसहापर्यंत टिकतो, म्हणजे पावणेअकरा तास.

मित्राला वाटलं, झालं काम, दहाला फोटो आणि अकराला झोप. पण डोक्यावर असलेली आकाशगंगा आणि क्षितिजावरची डोंगररांग एका चौकटीत येत नाहीत. त्याला हवा होता लाल डोंगरावर टेकलेला आकाशगंगेचा गाभा. त्यासाठी गाभा खाली यायला हवा. सात वाजता तो पूर्वेला पंचेचाळीस अंशांच्याही वर असतो, त्यामुळे संध्याकाळी संधी नाही. पश्चिमेला उतरताना वीस-पंचवीस अंशांवर येतो तेव्हा पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात आणि दिशा असते पश्चिम-नैर्ऋत्य. म्हणजे डोंगर पश्चिम-नैर्ऋत्येला हवा, आणि माणूस साडेतीनला जागा हवा. (दहाची आकाशगंगा आणि संध्याकाळचा डोंगर संगणकावर चिकटवता येतात. बरेच जण चिकटवतात. मित्राला ते नको होतं आणि माझं मत विचाराल तर मलाही.)

इथे आर्करूलाचा हट्ट आपोआप ढिला झाला. विल्पेना पाउंड या डोंगरांनी वेढलेल्या खोलगट भागाच्या दक्षिणेला रॉन्सली पार्क ही मुक्कामाची जागा आहे. तिच्या परिसरातून एल्डर ही डोंगररांग पश्चिमेच्या बाजूला दिसते. तिथपर्यंत डांबर आहे, कॅरव्हॅनसाठी वीज-पाण्याच्या जागा आहेत आणि हॉकरचं छोटं हॉस्पिटल साधारण ३५ किलोमीटरवर. सत्तरी ओलांडलेलं माणूस बरोबर असताना हा शेवटचा मुद्दा मी पहिला धरतो. त्यापलीकडे फ्लाइंग डॉक्टरांचं विमान आहेच, त्यांचा तळ पोर्ट ऑगस्टाला. पण विमानाच्या भरवशावर सहल आखायची नसते.

आकाश आर्करूलाइतकं अंधारं आहे का? डोळ्यांनी पाहणाऱ्याला दोन्हीकडे आकाशगंगेच्या उजेडात वाट दिसेल. कॅमेऱ्यात फरक दिसलाच तर क्षितिजालगत, दूरच्या गावाची फिकट पिवळी झाक. चौकटीची दिशा एल्डर रांगेकडे असल्याने ती झाकही आड येत नव्हती. मानांकनामुळे पाटी लागते, नियम पाळले जातात, ते चांगलंच. पण फोटोला पाटी लागत नाही.

मग झोपेचा रकाना आला. रात्रीचे तुकडे असे केले: नऊ ते अकरा पहिली पाळी, ट्रॅकर (ताऱ्यांबरोबर कॅमेरा हळूहळू फिरवणारं यंत्र) लावून डोक्यावरचा गाभा. अकरा ते तीन झोप. साडेतीन ते साडेपाच दुसरी पाळी, डोंगरावरचा गाभा आणि उलट्या बाजूला मॅजेलानचे दोन मेघ, म्हणजे ढगांसारख्या दिसणाऱ्या दोन शेजारच्या दीर्घिका. हे मेघ पुण्याहून कधीच दिसत नाहीत असं म्हटलं तरी चालेल. मोठा मेघ तिथून दोन अंशही वर येत नाही. फ्लिंडर्सहून ते मावळतच नाहीत, पण जुलैत रात्री दहाला मोठा मेघ क्षितिजापासून जेमतेम दहा अंशांवर लोळत असतो. पहाटे पाचला तो तिशीच्या वर येतो आणि अगस्त्यही आग्नेयेला चढलेला असतो. साडेपाचनंतर पुन्हा झोप, दहापर्यंत. आणि एक कडक नियम: ज्या दिवशी गाडी चालवायची त्याच्या आदल्या रात्री दुसरी पाळी नाही. मित्राने यावर बरीच घासाघीस केली. बायको म्हणाली, "मग तू बस स्टार ट्रॅकरजवळ, गाडी मी नेते." ती कॅरव्हॅन ओढायला नवऱ्यापेक्षा चांगली शिकली होती, तेव्हा ही धमकी पोकळ नव्हती.

वीज आणि उजेड

मूळ बेतात सगळा मुक्काम विजेशिवाय होता. हिशेब केला: १०० अँपियर-तासांची लिथियम बॅटरी. फ्रिज दिवसाला ४५, डिझेल हीटरचा पंखा १५, पंप आणि दिवे ५, कॅमेरा, लॅपटॉप आणि लेन्सवर दव बसू नये म्हणून लावायची गरम पट्टी मिळून १५. एकूण ८०. छतावर २०० वॅटचं सौर पॅनेल, पण जुलैत दुपारचा सूर्यही चाळीस अंशांच्या खालीच, आणि पॅनेल आडवं. चाळीस मिळाले तर खूप. तिसऱ्या रात्री काकूंचा हीटर बंद पडला असता. वीज असलेली जागा घेतली आणि विषय संपला. पाणीही तिथेच मिळालं, म्हणून रिकाम्या टाकीची चिंता गेली.

वीज आली की शेजारी आले आणि शेजाऱ्यांबरोबर त्यांचे दिवे. कनातीखाली निळ्या-पांढऱ्या पट्ट्या, बाथरूमचा रात्रभर जळणारा दिवा. म्हणून ठरलं की कॅरव्हॅन झोपण्यासाठी. कॅमेरा तिथून चालत वीस मिनिटांवर, दिवसाउजेडी पाहून ठेवलेल्या जागी. वाटेत खड्डा कुठे, कुंपण कुठे, हे दुपारी पाहायचं. मुलीने टॉर्चना लाल जिलेटीन कागद रबरबँडने बांधला. कॅरव्हॅनच्या दाराशी माणूस आला की आपोआप लागणारा दिवा होता, त्यावर काळी चिकटपट्टी. मोटारीचं दार उघडलं की लागणारा आतला दिवा मात्र सगळे विसरले आणि पहिल्याच रात्री त्याने दोघांचे अंधाराला सरावलेले डोळे वीस मिनिटांसाठी घालवले.

ट्रॅकर आकाशाच्या ध्रुवावर रोखून लावावा लागतो आणि दक्षिणेत ते कष्टाचं काम आहे. उत्तरेत ध्रुवतारा असतो. इथे ध्रुवाजवळचा सिग्मा ऑक्टँटिस हा तारा जेमतेम ५.४ प्रतीचा, म्हणजे अंधुक, आणि त्याच्यासारखे आणखी ढीगभर. त्रिशंकूचा लांब दांडा पुढे वाढवला आणि मित्र-मित्रक या जोडीच्या मधोमध काटकोनात रेघ काढली की साधारण जागा कळते, बाकी दुर्बिणीतून चार ताऱ्यांचा चौकोन शोधायचा. मी सांगितलं, घरच्या अंगणात आधी चार वेळा कर. अ‍ॅडलेडच्या उजेडात चौकोन दिसत नाही म्हणून त्याने केलं नाही. पहिल्या रात्रीची पहिली पाळी जवळजवळ सगळी त्यातच गेली.

आर्करूला आणि दिवे

आर्करूला पूर्ण सोडायला तो तयार नव्हता आणि मलाही ते अन्यायाचं वाटलं. अद्न्यमथन्हा या तिथल्या मूलनिवासी लोकांच्या कथेत अकुर्रा नावाच्या महासर्पाने लेक फ्रोम पिऊन कोरडं केलं आणि परत सरपटत जाताना दऱ्या कोरल्या, तो हा मुलूख. तोडगा निघाला: कॅरव्हॅन रॉन्सलीलाच उभी ठेवायची आणि दोन रात्रींसाठी चौघांनी मोटारीने आर्करूलाच्या खोलीत राहायला जायचं. सव्वातीनशे किलोमीटर, त्यातले १३० कच्चे, टायरची हवा कमी करून. काकू आणि सून मागे राहतील, बाप-लेक जाऊन येतील, असा एक पर्याय मित्राने सुचवला होता. मी नको म्हटलं. ओढणारी मोटार गेली की कॅरव्हॅन म्हणजे नुसती खोली. काकूंना रात्री काही झालं तर सुनेने काय करायचं? एकाच रात्री दोन ठिकाणचं भाडं भरावं लागलं. बायकोने ते हिशेबात "हौस" या रकान्यात लिहिलं.

ज्या भागात मोबाईल चालत नाही तिथली तयारी थोडक्यात: उपग्रहाला संकट-संदेश पाठवणारा बीकन, मोटारीत यूएचएफ रेडिओ (ट्रकवाले ४० नंबरवर असतात), माणशी दोन दिवसांचं जादा पाणी आणि अ‍ॅडलेडमधल्या एका माणसाकडे लेखी वेळापत्रक. तो माणूस मी. संध्याकाळी आठपर्यंत निरोप आला नाही तर कुणाला फोन करायचा हेही त्यात लिहिलेलं होतं.

सोमवारी १७ तारखेला काकूंनी गॅसवर कणकेचे गुळाचे दिवे उकडले. सूर्य मावळल्यावर साडेपाच ते पावणेसात कॅरव्हॅनमधल्या टेबलावर पूजा झाली. बरोबर आणलेली छोटी समई आणि बाजूला मित्राचे सगळे टॉर्च, लाल कागदासकट, हळदीकुंकू लावून मांडलेले. सातला काळोख पूर्ण झाला तेव्हा वाती शांत झालेल्या होत्या आणि दिवे तुपाबरोबर खाऊन संपले होते. शेजारच्या कॅरव्हॅनमधल्या आजी-आजोबांनाही दोन मिळाले.

डोंगरावरचा फोटो दुसऱ्या रात्री मिळाला. २० मिलिमीटर, एफ १.८, दहा सेकंदांचे पंधरा फोटो एकावर एक रचून. तापमान शून्याच्या जवळ, हवा कोरडी, त्यामुळे दवाची गरम पट्टी एकदाही लागली नाही. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या मात्र निम्म्या वेळात संपत होत्या. जादाच्या बॅटऱ्या अंगरख्याच्या आतल्या खिशात ठेवल्यावर टिकल्या. आर्करूलाच्या पहिल्या रात्री ढग होते. दुसऱ्या रात्री आकाश उघडं होतं, पण सकाळी गाडी चालवायची असल्याने नियमाप्रमाणे अकराला कॅमेरा आत. मित्र अजून त्यावर कुरकुरतो.

परत आल्यावर त्याला लगेच पुढची तारीख हवी होती. तारे रोज चार मिनिटं लवकर येतात, महिन्याला दोन तास. जुलैत पहाटे साडेतीनला मिळालेली चौकट १४ ऑक्टोबरच्या अमावास्येला रात्री साडेदहाच्या सुमारासच मिळते, तीही घड्याळ एक तास पुढे गेलेलं असताना, आणि तेव्हाही शाळेला सुट्टी असते. मुलीला जागं राहता येईल, दुसऱ्या पाळीची गरज नाही, दुसऱ्या दिवशी गाडी चालवायलाही हरकत नाही. बदल्यात दिवसाचं ऊन, बाहेर पडायला लागलेले साप आणि तोंडावर बसणाऱ्या माश्या. मी म्हटलं, ऑक्टोबर. मित्राने पुन्हा कॅरव्हॅनच्या भाड्याची चौकशी सुरू केली तेव्हा बायकोने विचारलं, "आई सप्टेंबरात परत जाणार. मग ती ओढायची कुणासाठी?" रॉन्सलीला एक केबिन आरक्षित झाली, आणि माश्यांसाठी जाळीच्या तीन टोप्या.